इंजेक्शन भरणारा हात

एकलहऱ्यात राहणाऱ्या माणसाला धुळीविषयी कोणी काही शिकवावे लागत नाही. नाशिकरोडजवळचे, गोदावरीकाठचे आमचे हे गाव महाराष्ट्राला माहीत झाले ते औष्णिक वीज केंद्रामुळे. आज येथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा रेल्वेने येतो, जळतो, त्याची वीज होऊन तारांवरून दूरदूरच्या घरांत जाते आणि राख मागे राहते. वारा फिरला की दोरीवरच्या कपड्यांवरून एकदा हात फिरवून बघायचा, ही इथल्या बायकांची जुनी सवय. राख दिसते, बोटाला लागते. म्हणून तिच्याविषयी बोलता येते, तक्रार करता येते आणि काहीच नाही तर कपडा पुन्हा पिळून वाळत घालता येतो.

माझ्या नोकरीतली धूळ मात्र दिसत नाही. मी परिचारिका आहे आणि माझी बरीच वर्षे कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून औषधे देण्यात गेली आहेत. ‘केमो’ हा शब्द आता घराघरात माहीत झाला आहे. नात्यागोत्यात, शेजारीपाजारी कोणाची ना कोणाची केमो चालू असते. टांगलेली बाटली, थेंब थेंब उतरणारे औषध, शेजारी स्टुलावर बसलेला नातेवाईक, हे चित्र अनेकांनी पाहिले असेल. पण ती बाटली टांगली जाण्यापूर्वी कोणीतरी ते औषध तयार केलेले असते. कुपीतल्या पुडीत पाणी सोडायचे, पूड विरघळवायची, हिशेबाने सिरिंजमध्ये ओढायची आणि सलाईनच्या बाटलीत सोडायची. आमच्या भाषेत याला औषध ‘लोड करणे’ म्हणतात. काम जेमतेम दहापंधरा मिनिटांचे. त्या पंधरा मिनिटांत काय काय घडू शकते आणि ते घडू नये म्हणून काय करावे लागते, हे रुग्णाच्या घरच्यांनाही माहीत असावे असे मला वाटते.

परळहून निघालेली कुपी

इंजेक्शन तयार करताना होणाऱ्या दूषणाची आपल्या देशातली सर्वांत गाजलेली गोष्ट मुंबईच्या परळशी जोडलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा प्रयोगशाळेत प्लेगवरची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली आणि तिथून देशभर लस रवाना होऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ या दिवशी पंजाबातल्या मलकोवाल या गावी (ते आज पाकिस्तानात आहे) १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच कुप्या वापरल्या गेल्या. त्यांतल्या ‘५३ एन’ या क्रमांकाच्या एकाच कुपीतून ज्या १९ जणांना लस मिळाली, त्या सगळ्यांना धनुर्वात झाला आणि त्यांतला एकही वाचला नाही. बाकीच्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशी आयोग बसला. लस निर्जंतुक करताना कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली, यावर बोट ठेवले गेले आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांचे पद गेले. पुढे कागदपत्रे बाहेर आली, तेव्हा एक वेगळीच बाब ठळक झाली. गावात कुपी उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच कुपीचे बूच काढण्यासाठी वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले. त्यांना कलकत्त्यास नेमणूक मिळाली. परळला मात्र ते पुन्हा संचालक म्हणून आले नाहीत. १९२५ साली त्या प्रयोगशाळेलाच त्यांचे नाव देण्यात आले. तीच आजची हाफकिन संस्था.

ही हकिकत वाचताना मला हाफकिन यांच्याइतकीच त्या नाव नसलेल्या मदतनिसाची आठवण येते. चिमटा पडला, हा काही गुन्हा नव्हे. माणसाच्या हातून चिमटा पडणारच. खरा प्रश्न पुढचा आहे. पडल्यावर काय करायचे हे आधी ठरलेले होते का? दुसरा स्वच्छ चिमटा हाताशी होता का? समोर टोचून घेणाऱ्यांची रांग उभी असताना ‘थांबा’ म्हणण्याची मुभा त्या मदतनिसाला होती का? शंभरावर वर्षे झाली, पण इंजेक्शनच्या खोलीतले प्रश्न अजून तेच आहेत.

दूषण दोन दिशांनी

मलकोवालच्या घटनेत बाहेरची घाण औषधात गेली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून आम्हाला शिकवले जाते ते हेच थोपवायला : हात धुवा, सुईला बोट लावू नका, कुपीचे रबर स्पिरिटने पुसा, तयार औषध उघडे ठेवू नका. रुग्णाचे रक्षण हा या शिकवणीचा गाभा आहे आणि तो योग्यच आहे.

पण कर्करोगाच्या औषधांनी दुसरी दिशा दाखवली. इथे औषधातूनच काहीतरी बाहेर येते आणि टेबलावर, दाराच्या मुठीवर, पेनावर, फाईलवर आणि शेवटी माणसाच्या कातडीवर जाऊन बसते.

या औषधांचे कूळ पाहिले म्हणजे कारण कळते. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने सैनिकांची कातडी आणि फुप्फुसे जाळली. त्याच्या नात्यातला नायट्रोजन मस्टर्ड दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेत येल येथे कर्करोगाच्या एका रुग्णाला देण्यात आला. तिथून आधुनिक केमोथेरपी सुरू झाली. आजही सर्रास वापरले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड हे त्याच घराण्यातले. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारणे हे या औषधांचे काम. रुग्णाच्या शरीरात मोजून मापून गेल्यावर ती त्याला वाचवतात. पण ज्या परिचारिकेला कर्करोग नाही, तिच्या शरीरात ती वर्षानुवर्षे कणाकणाने गेली तर तिला फायदा शून्य आणि धोका मात्र खरा.

हे लक्षात यायलाही बराच काळ गेला. १९७९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की अशी औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत पेशींच्या गुणसूत्रांत बदल घडवू शकणारी द्रव्ये अधिक प्रमाणात सापडतात. १९८५ मध्ये तिथल्याच परिचारिकांच्या दुसऱ्या अभ्यासात गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधे हाताळणे आणि गर्भपात यांचा संबंध दिसून आला. त्यानंतर अमेरिकेत १९८६ मध्ये कामगार सुरक्षेच्या खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संस्थेने सगळ्या रुग्णालयांना जाहीर इशारा दिला. वॉर्डात काम करणाऱ्या बहुतेक मुली पंचविशीतिशीच्या असतात, नव्याने लग्न झालेल्या असतात. त्यांच्यापैकी एखादीला दिवस गेले आहेत हे तिला स्वतःला कळायच्या आतच ते पहिले आठवडे उलटून गेलेले असतात. हा विषय केवळ टापटिपीचा नाही, तो का नाही हे यावरून लक्षात यावे.

वारा कोणाच्या तोंडावर?

या दोन दिशांमधला फरक एका यंत्रावरून चटकन समजतो. निर्जंतुक औषधे तयार करण्यासाठी स्वच्छ हवेचे एक टेबल मिळते. मागच्या भिंतीतल्या गाळणीतून शुद्ध हवा येते आणि टेबलावरून आडवी वाहत काम करणाऱ्याच्या दिशेने बाहेर पडते. जंतू औषधापर्यंत पोहोचत नाहीत. साध्या औषधांसाठी हे टेबल फार चांगले. पण त्यावर केमोचे औषध तयार करायला घेतले तर काय होईल? औषध शुद्ध राहील आणि त्याचा प्रत्येक उडालेला कण तयार करणाऱ्याच्या तोंडावर जाईल!

म्हणून या औषधांसाठी वेगळे कपाट लागते. त्याला जैवसुरक्षा कॅबिनेट म्हणतात. त्यात गाळलेली हवा वरून खाली वाहते, पुढच्या फटीतून आत ओढली जाते आणि पुन्हा गाळून बाहेर सोडली जाते. समोर काच असते, हात तेवढे आत. त्यामुळे औषधही सुरक्षित आणि माणूसही. दोन्ही यंत्रे नवख्या माणसाला दिसायला सारखीच. फरक फक्त वाऱ्याच्या दिशेचा.

दुसरा प्रश्न दाबाचा. बंद कुपीत दहा मिलिलिटर पाणी जोराने ढकलले की आतली हवा दाबली जाते. मग सुई बाहेर काढताना तिच्याभोवतीच्या छिद्रातून बारीक फवारा उडतो. कुकरची शिटी आठवा, म्हणजे कल्पना येईल. हा फवारा इतका सूक्ष्म असतो की डोळ्यांना दिसत नाही. तो टाळण्यासाठी कुपीतली हवा थोडी थोडी सिरिंजमध्ये ओढून घेत, तेवढेच पाणी आत सोडत जायचे, म्हणजे कुपीत दाब चढत नाही. सुई निसटू नये म्हणून फिरवून बसणारी सिरिंज वापरायची आणि ती तीन चतुर्थांशापेक्षा जास्त भरायची नाही. आता कुपी आणि सिरिंज यांच्यामध्ये बसणारी बंद जोडणीही मिळते. तिच्यातून थेंब आणि वाफ सहजी बाहेर पडत नाहीत. सलाईनच्या नळीतली हवा काढायची ती साध्या सलाईनने काढायची आणि औषध मागाहून जोडायचे, म्हणजे नळीच्या टोकातून औषध ठिबकत नाही. ऐकायला या किरकोळ गोष्टी वाटतात, पण सगळी सुरक्षितता अशा किरकोळ गोष्टींचीच बनलेली असते.

आणखी एक गैरसमज. स्पिरिटने पुसले म्हणजे सगळे स्वच्छ झाले, असे आम्हा लोकांच्या हाडीमांसी खिळलेले असते. स्पिरिटने जंतू मरतात, औषध मरत नाही. उलट सांडलेले औषध स्पिरिटच्या बोळ्याने पुसले तर ते टेबलभर पसरते. आधी शोषक कापडाने टिपायचे, मग साबणपाण्याने किंवा त्या त्या औषधासाठी नेमून दिलेल्या द्रावणाने धुवायचे आणि तो कपडा वेगळ्या पिशवीत टाकायचा, असा क्रम आहे. कारखान्यातून आलेल्या कुपीच्या बाहेरच्या बाजूलाही औषधाचे अंश आढळले आहेत. म्हणून खोके उघडणाऱ्या माणसालाही हातमोजे हवेत.

हे न दिसणारे दिसावे म्हणून प्रशिक्षणात एक सुंदर युक्ती करतात. औषधाऐवजी फ्लुरोसीन हा रंग पाण्यात मिसळून तो नेहमीप्रमाणे ‘लोड’ करायला सांगतात. काम संपल्यावर टेबल लख्ख दिसते. मग खोलीतले दिवे घालवून अतिनील किरणांचा दिवा लावला की हिरवट ठिपके चमकू लागतात. एका शिबिरात मी ते पाहिले. हातमोज्यांच्या टोकांवर, बाहीवर, टेबलाच्या कडेवर आणि नोंद लिहायला उचललेल्या पेनावरही ठिपके होते. खोलीत बसलेल्या अनुभवी सिस्टर काही क्षण गप्प झाल्या. तासभर भाषण ऐकून जे पटत नाही ते त्या दिव्याने एका मिनिटात पटवले.

परमिटची शिस्त

माझे यजमान वीज केंद्रातल्या दुरुस्ती विभागात. त्यांच्याकडे एखादा पंप खोलायचा असेल तर आधी परमिट घ्यावे लागते. त्या पंपाचा वीजपुरवठा तोडायचा, स्विचवर पाटी लटकवायची आणि ज्याने परमिट घेतले त्याने ते परत केल्याशिवाय तो स्विच कोणी लावायचा नाही. वरिष्ठ कितीही घाईत असोत, परमिटशिवाय फिटर हात लावत नाही. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी शपथ होते. तिच्यातल्या शब्दांपेक्षा मला ही रोजची पाटी मोलाची वाटते. वीजही डोळ्यांना दिसत नाही. पण ती दिसत नाही म्हणून नाहीच, असे वीज केंद्रात कोणी म्हणत नाही.

दवाखान्यात मात्र आपण तसे म्हणतो. मी एका छोट्या रुग्णालयात केमोची औषधे ड्युटीच्या टेबलावर तयार होताना पाहिली आहेत. नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ते एकच असते तर प्रश्न सोपा होता. एका बाजूला रजिस्टर, दुसऱ्या बाजूला चहाचा कप, डोक्यावर गरगर फिरणारा पंखा. औषध भरणाऱ्या मुलीच्या हातात हातमोज्यांचा एकच पातळ जोड. तिला विचारले, तर म्हणाली, “सिस्टर, रोज तीनचार तर पेशंट असतात. एवढ्याशा कामाला काय होतंय?” तिचा दोष नव्हता. तिला कोणी सांगितलेलेच नव्हते, आणि सांगितले असते तरी हाताशी काही दिलेले नव्हते.

व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले असते : कॅबिनेट परवडत नाही. त्याची किंमत लाखांत जाते हे खरे. पण वेगळी खोली किंवा निदान वेगळे टेबल, बंद केलेला पंखा, खाली प्लॅस्टिकचे अस्तर असलेले शोषक कापड, हातमोज्यांचे दोन जोड आणि ते अर्ध्या तासाने बदलण्याची शिस्त, पुढून बंद असलेला गाऊन, चष्मा, औषध सांडले तर लागणाऱ्या साहित्याची एक पेटी आणि भिंतीवर मराठीत लिहिलेला तक्ता, यांना लाखो रुपये लागत नाहीत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या परिचारिकेला या कामातून वगळायला तर एक रुपयाही लागत नाही. अर्थात, यामुळे कॅबिनेटची गरज संपते असे नाही. जिथे रुग्ण थोडे आहेत, तिथे जवळच्या मोठ्या केंद्रात औषध तयार करून आणण्याचाही विचार करता येईल.

कचऱ्याबाबत कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार या औषधांनी दूषित झालेल्या वस्तू खूण केलेल्या पिवळ्या पिशवीत जायला हव्यात आणि त्या १२०० अंश सेल्सियसपेक्षा जास्त तापमानात जाळायला हव्यात. पण ती पिशवी उचलतात आमच्या सफाईच्या मावशी. पिशवीत काय आहे हे त्यांना कोणी सांगते का? औषध भरणाऱ्या सिस्टरनंतर सर्वांत जास्त धोका त्यांना आणि सर्वांत कमी माहितीही त्यांनाच!

घरी आल्यावर

आता घरच्यांविषयी. केमो घेतलेल्या माणसाला शिवल्याने, मिठी मारल्याने, त्याच्या शेजारी बसून जेवल्याने कोणाला काही होत नाही. नातवंडांना आजीपासून लांब ठेवू नका. तिला त्या दिवसांत माणसांची गरज असते. काळजी घ्यायची ती रुग्णाच्या लघवी, शौच आणि उलटीची, कारण औषधाचा काही भाग त्यांवाटे बाहेर पडतो. साधारण पहिले दोन दिवस ही काळजी घ्यावी. काही औषधांबाबत डॉक्टर जास्त दिवस सांगतील.

कमोड असेल तर झाकण लावून दोनदा पाणी सोडावे. भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर पाणी हळूहळू, शिंतोडे न उडवता ओतावे. भांडे किंवा उलटीचा टब उचलताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. खराब झालेले कपडे वेगळे धुवावेत. घरात सून किंवा मुलगी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. आपल्याकडे आजारपणातले हे काम बहुधा घरातल्या सर्वांत धाकट्या बाईच्या वाट्याला येते, म्हणून मुद्दाम सांगते.

परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. हाफकिन संस्था तिथून अगदी जवळ. नाशिक जिल्ह्यातून किती कुटुंबे पथ्याच्या डब्यासह पहाटेची गाडी पकडून तिकडे गेली असतील, कोण मोजणार! आता नाशिकमध्ये आणि इतर शहरांतही केमो मिळू लागली. माणसांची पायपीट वाचली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण उपचार गावाजवळ आले तशी त्यांच्यासोबतची शिस्तही यायला हवी. नुसती कुपी आली आणि ती उघडण्याची रीत मागेच राहिली, तर काय होते हे मलकोवालने दाखवून दिले आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या माणसाला केमो लागली, तर औषध कोणते, किती रुपयांचे, किती वेळा, हे तुम्ही विचारालच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : “हे औषध कुठे आणि कसे तयार करता?” रागाने नको, संशयाने नको, चौकशी म्हणून विचारा. आम्ही सिस्टरनी हातमोजे मागितले तर ती मागणी कपाटाच्या चाव्यांपाशी अडकते. तोच प्रश्न चार रुग्णांच्या घरच्यांनी विचारला तर तो व्यवस्थापनाच्या टेबलापर्यंत पोहोचतो. आणि एखाद्या सिस्टरने “औषध भरते आहे, दहा मिनिटे आत येऊ नका,” असे सांगितले, तर रागावू नका. तेवढा वेळ तिला तिचे काम नीट करू द्या.